आवाज सहन न होणाऱ्यांसाठी कमी खर्चातला शांत संगणक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या कोणाला तरी संगणकाच्या पंख्याची घरघर किंवा अडॅप्टरची बारीक शिट्टी सहन होत नाही, म्हणून शांत संगणक कसा बांधावा, असे विचारणाऱ्यांचे बरेच प्रश्न सारखेच असतात. ते येथे साध्याकडून अवघडाकडे अशा क्रमाने मांडले आहेत आणि एखाद्या मुद्द्याचे उत्तर दुसरीकडे आले असेल, तर तो प्रश्न पाहण्यास सांगितले आहे. महाग भाग घेतले की संगणक आपोआप शांत होतो, हा समज आम्हाला मान्य नाही. मुळात उष्णताच कमी निर्माण होईल अशी निवड केली, तर शांततेसाठी वेगळे पैसे फारसे लागत नाहीत, आणि पुढची बहुतेक उत्तरे याच भूमिकेतून दिलेली आहेत.

१. संगणकातून आवाज नेमका कशाकशाचा येतो?

सर्वांत मोठा वाटा पंख्यांचा असतो, आणि साध्या असेंबल केलेल्या संगणकातही ते बहुधा तीन असतात: प्रोसेसरवरचा, कॅबिनेटच्या मागचा आणि एसएमपीएसमधला (घरातली वीज संगणकाला लागेल तशी करून देणाऱ्या डब्यातला). वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर त्याचे एक-दोन पंखे वाढतात. त्यानंतर हार्ड डिस्क येते. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते आणि म्हणून १२० हर्ट्झची खालच्या पट्टीतली गुणगुण सतत करत राहते. आतले हेड हलताना होणारी खरखर त्यावर वेगळी. तिसरा प्रकार मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस आणि अडॅप्टर यांच्यातल्या तारेच्या वेटोळ्यांचा आहे. त्याविषयी प्रश्न १३ पाहावा.

याशिवाय काही आवाज कॅबिनेटचाच असतो. पंख्याची किंवा डिस्कची थरथर पातळ पत्र्यात उतरते, पत्र्यातून टेबलात जाते आणि पोकळ टेबल ती वाढवून ऐकवते. कॅबिनेटवर किंवा टेबलावर हात दाबून धरल्यावर आवाज बदलला, तर दोष थरथरीचा आहे असे समजावे. कॅबिनेटच्या चारही पायांखाली जाड रबराचे तुकडे ठेवणे हा उपाय पुष्कळदा पुरतो. सतरंजी किंवा गालिचा मात्र नको, कारण त्याने तळाची जाळी झाकली जाते.

२. “शांत” म्हणजे किती डेसिबल?

डेसिबलची मोजपट्टी आपल्या नेहमीच्या मोजपट्टीसारखी नाही. दहा डेसिबलने वाढलेला आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो, आणि सारख्याच आवाजाचे दोन पंखे एकत्र चालले तर बेरीज केवळ तीन डेसिबलने वाढते. रात्री दारे-खिडक्या लावलेली शांत खोली साधारण २५ ते ३० डेसिबलांवर असते. बसण्याच्या जागी संगणकाचा आवाज त्याच्या खाली राहिला, तर तो खोलीत विरून जातो. भारतातील ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांच्यानुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, पण ती परिसरासाठी आहे. हाताच्या अंतरावर ४५ डेसिबल म्हणजे चांगलाच आवाज.

खोक्यावर छापलेल्या आकड्यांची एकमेकांशी तुलना करू नये, कारण मोजणी किती अंतरावरून आणि कशा खोलीत केली हे प्रत्येक उत्पादकाचे वेगळे असते. शिवाय आपल्याकडे छताचा पंखा हा मोठाच घटक आहे. मे महिन्यात पंखा चारवर असताना जो संगणक ऐकूही येत नाही, तोच डिसेंबरमध्ये पंखा बंद असताना असह्य होतो, आणि घरच्यांना वाटते की संगणक बिघडला. पारख करायची ती पंखा बंद ठेवून, रात्री.

शेवटी, आकड्याइतकेच महत्त्व आवाजाच्या स्वभावाला आहे. एकसारखी मंद “सूं” बहुतेकांना थोड्या वेळाने जाणवेनाशी होते. मध्येच चढणारा, उतरणारा किंवा एकाच सुरात टोचणारा आवाज त्याहून हळू असला तरी लक्ष खेचून घेतो.

३. खरेदी करण्यापूर्वी त्या व्यक्तीला काय विचारावे?

आवाज सहन न होण्यामागे एकच कारण नसते. हायपरॲक्युसिसमध्ये इतरांना साधे वाटणारे आवाज मोठे किंवा वेदनादायक वाटतात. मिसोफोनियामध्ये ठरावीक आवाज, बहुधा पुन्हा पुन्हा येणारे, कितीही हळू असले तरी तीव्र चीड किंवा घबराट निर्माण करतात. अर्धशिशीच्या झटक्यात आवाजाचा त्रास तात्पुरता वाढतो, आणि अनेक स्वमग्न मुलांना व प्रौढांना यंत्रांचे असे आवाज बाजूला सारता येत नाहीत, जे आपल्या कानावर पडूनही मनावर उमटत नाहीत. पहिल्या प्रकारात आवाजाची एकंदर पातळी खाली आणावी लागते. दुसऱ्यात पातळीपेक्षा तालातली टकटक किंवा विशिष्ट सूर काढून टाकणे जास्त उपयोगी पडते. म्हणून “शांत हवा” एवढ्यावर थांबू नये.

सध्याचा संगणक बायोसच्या (विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या, मदरबोर्डच्या मांडणीच्या) पडद्यावर सुरू ठेवून, माहितगाराने एकेका पंख्याची जोडणी काही सेकंदांपुरती काढावी आणि त्या व्यक्तीला प्रत्येक वेळी काय बदलले ते सांगू द्यावे. अनेकदा उत्तर अनपेक्षित निघते: पंख्यावर संशय असतो आणि त्रास मॉनिटरच्या अडॅप्टरचा असतो. एसएमपीएस मात्र उघडू नये. कारण प्रश्न ९ मध्ये दिले आहे. त्रास एकंदरीतच वाढत असेल, तर संगणकाआधी कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा श्रवणतज्ज्ञ यांना दाखवावे. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवणदोषांवर काम करते.

४. नवा संगणक न घेता आहे तोच शांत करता येईल का?

बहुतेक वेळा येतो, आणि खर्चाचा क्रम पाळला तर थोडक्यात भागतो. पहिल्यांदा धूळ काढावी. हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसला की प्रोसेसर तापतो आणि पंखा जोरात फिरतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती मर्यादेबाहेर वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. संगणक चार-पाच वर्षांचा असेल, तर त्याच वेळी प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट बदलावी. दुसरी पायरी बायोसमधल्या पंख्याच्या मांडणीची, जिला काहीच खर्च नाही (प्रश्न ८). तिसरी पायरी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, लावण्याची; तिच्यात हलणारा भागच नसल्यामुळे एक आवाज कायमचा संपतो. त्यानंतरच नवा पंखा किंवा नवा कूलर (प्रोसेसरवरची हीटसिंक आणि पंखा यांची जोडी) घ्यावा. प्रोसेसरसोबत फुकट मिळणारा बुटका कूलर काढून १२० मिलिमीटरचा पंखा असलेला उभा टॉवर कूलर बसवणे, हा संगणकाच्या आतल्या साऱ्या सुधारणांमध्ये सर्वांत मोठा फरक पाडणारा बदल आहे.

५. मोठा पंखा लहान पंख्यापेक्षा शांत कसा?

पंख्याने ढकललेली हवा वेगाच्या प्रमाणात बदलते, पण आवाज वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढतो. म्हणजे वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, आणि आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलने उतरतो. मोठ्या पंख्याला तीच हवा हलवायला कमी फेरे लागतात; सगळा फायदा येथे आहे. शिवाय पंख्याचा मुख्य सूर पात्यांची संख्या आणि वेग यांवर ठरतो: सात पात्यांचा पंखा मिनिटाला १२०० फेऱ्यांवर १४० हर्ट्झचा सूर धरतो, तर ६०० फेऱ्यांवर ७० हर्ट्झचा, जो मंद आवाजात कानाला फार कमी जाणवतो. साधा हिशेब असा की १२० मिलिमीटरचा चांगला पंखा ५०० ते ७०० फेऱ्यांवर चालवावा. आर्क्टिकचा पी१२ पीडब्ल्यूएम यासाठी स्वस्तात मिळणारा आणि भरवशाचा आहे. नॉक्टुआचे पंखे उत्तमच आहेत, पण ६०० फेऱ्यांवरचा फरक किमतीतल्या फरकाएवढा नाही.

६. नवा संगणक असेंबल करायचा तर कोणते भाग घ्यावेत?

रॅम आणि एसएसडी यांचे भाव, विशेषतः २०२५ च्या अखेरीपासून, इतके हलत आहेत की रुपयांतली यादी महिन्याभरात शिळी होते. म्हणून येथे दोन मांडण्या दिल्या आहेत आणि भाव बाजारात पाहायचे आहेत.

पहिली मांडणी पंखा अजिबात नसलेली. इंटेलचा एन१०० हा २०२३ साली आलेला चार कोअरचा प्रोसेसर ६ वॅटच्या श्रेणीतला आहे. तो मदरबोर्डवरच जोडलेला मिळतो आणि त्याच्यावर पंख्याऐवजी नुसता हीटसिंक असतो. ॲझरॉकचा एन१००डीसी-आयटीएक्स हा बोर्ड लॅपटॉपसारख्या १९ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतो, त्यामुळे एसएमपीएस आणि त्याचा पंखा हे दोन्ही वगळता येतात; जुना अडॅप्टर वापरायचा असेल, तर व्होल्टेज आणि जॅकचे माप जुळते का ते आधी पाहावे. त्यावर डीडीआर४ रॅमची एकच पट्टी बसते. लेखन, बँकेची कामे, ऑनलाइन वर्ग, चित्रपट पाहणे एवढ्यासाठी हा संगणक पुरेसा आहे. पन्नास टॅब उघडे ठेवणाऱ्याला, व्हिडिओ संकलन करणाऱ्याला किंवा गेम खेळणाऱ्याला तो पुरणार नाही, आणि विकत घेतल्यावर हे कळण्यापेक्षा आधी मान्य केलेले बरे.

दुसरी मांडणी एकाच किंवा दोन मंद पंख्यांची, आणि बहुतेक घरांसाठी आम्ही हीच सुचवतो. एएमडीचा रायझन ५ ५६००जी किंवा इंटेलचा आय३-१२१०० घ्यावा. दोघांतही ग्राफिक्स अंगभूत असल्यामुळे वेगळे कार्ड लागत नाही. रायझनला बायोसमधून ४५ वॅटवर आणता येते. रोजच्या कामात वेगातला फरक जाणवत नाही, उष्णतेतला जाणवतो. डीपकूलच्या एके४०० सारखा साधा टॉवर कूलर, समोर जाळी असलेले मोकळे कॅबिनेट, मागच्या बाजूला १२० मिलिमीटरचा एक पंखा, मदरबोर्डवरच बसणारी एनव्हीएमई एसएसडी आणि बऱ्या प्रतीचा एसएमपीएस, एवढेच पुरते.

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारात किंवा गावातल्या दुकानात असेंबल करून घेताना एक आग्रह जरूर धरावा: कॅबिनेटसोबत फुकट येणारे रंगीत दिव्यांचे तीन-चार पंखे नकोत. त्यांतले पुष्कळ पंखे मोलेक्स या जुन्या पद्धतीच्या जोडणीने थेट एसएमपीएसला जोडलेले असतात, म्हणजे ते सदैव पूर्ण वेगाने फिरतात आणि बायोसमधून त्यांचा वेग कमी करता येत नाही. चार पिनांचा, मदरबोर्डला जोडला जाणारा एकच पंखा त्या चारांपेक्षा चांगला.

७. आम्ही चंद्रपूरला राहतो. पंखा नसलेला संगणक इथल्या उन्हाळ्यात टिकेल का?

हिशेब करून पाहता येते. हीटसिंक वॅटमागे किती अंश तापतो हा त्याचा गुण. तो दीड अंश धरला आणि प्रोसेसर १५ वॅट खात असेल, तर तापमान खोलीपेक्षा साडेबावीस अंशांनी वर राहते. खोली २५ अंशांवर असताना ते ४७ च्या आसपास आणि खोली ४२ अंशांवर असताना ६५ च्या आसपास जाईल. प्रोसेसरला यात काहीच धोका नाही, कारण त्याची मर्यादा ९५ ते १०५ अंशांवर असते. तोच हीटसिंक ६० वॅटच्या प्रोसेसरवर लावला, तर खोलीपेक्षा ९० अंश वर असे उत्तर येते, म्हणजे प्रोसेसर आपला वेग सतत कापत राहील. एन१००सारख्या प्रोसेसरला विदर्भ चालतो. मोठ्या प्रोसेसरला पंख्याशिवाय चालवायचे, तर हीटसिंकच प्रोसेसरच्या किमतीला जाऊन भिडतो आणि “कमी खर्चात” हा शब्द सोडून द्यावा लागतो.

काळजी प्रोसेसरपेक्षा एसएसडी, अडॅप्टर आणि मदरबोर्डवरचे कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे छोटे भाग) यांची करावी. तापमान दहा अंशांनी वाढले की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. म्हणून पंखा नसलेल्या बोर्डाला वर जाळी असलेले कॅबिनेट द्यावे, ते कपाटात कोंडू नये, आणि एप्रिल ते जून एक पंखा ५०० फेऱ्यांवर सुरू ठेवावा. उन्हाळ्यात घरात डेझर्ट कूलर चालू असेल, तर त्याच्या आवाजापुढे हा पंखा कोणालाही ऐकू येणार नाही.

८. बायोसमध्ये नेमके काय बदलायचे?

असुसच्या बोर्डात याला क्यू-फॅन आणि गिगाबाइटमध्ये स्मार्ट फॅन म्हणतात. इतरांत नाव वेगळे असले तरी आत तापमान आणि वेग यांचा आलेख असतो. कंपनीकडून आलेला आलेख भित्रा असतो: चाळीस-पन्नास अंशांवरच पंखा चढू लागतो, ब्राउझर उघडला की घरघर, बंद केला की शांतता. संवेदनशील व्यक्तीला छळतो तो हा चढ-उतार. ६५ अंशांपर्यंत आलेख सपाट ठेवावा, म्हणजे पंखा एकाच मंद वेगाने फिरत राहील. ६५ ते ८० मध्ये हळूहळू चढू द्यावा, आणि ९० ला पूर्ण वेग द्यावा, कारण सुरक्षेचा तो टप्पा काढून टाकण्यात शहाणपण नाही. तापमानातला बदल किती सेकंदांनी लक्षात घ्यायचा याचीही नोंद बहुतेक बोर्डांत असते; ती शक्य तितकी लांबवावी.

बायोसमध्ये हे जमत नसेल, तर विंडोजसाठी फॅन कंट्रोल नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. विंडोजच्या पॉवर पर्यायांत प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्क्यांवर आणली, तर बहुतेक संगणकांत टर्बो, म्हणजे प्रोसेसरने मध्येच आपला वेग वाढवणे, बंद होतो, आणि अचानक तापण्याचे मूळच जाते. मांडणी जमल्यावर ती बायोसमध्ये नावाने साठवावी. हिवाळ्याची एक आणि उन्हाळ्याची एक अशा दोन ठेवणे उत्तम.

९. एसएमपीएस कोणता घ्यावा? “झिरो फॅन” लिहिलेला घेतला तर प्रश्न सुटतो का?

अर्धाच सुटतो. अशा एसएमपीएसमध्ये भार कमी असताना पंखा थांबतो आणि आतले तापमान वाढले की सुरू होतो. भार त्या उंबरठ्याच्या बराच खाली असेल, तर पंखा दिवसभर सुरूच होत नाही. उंबरठ्याच्या आसपास असेल, तर तो दर काही मिनिटांनी चालू-बंद होतो आणि सततच्या मंद आवाजापेक्षा जास्त त्रास देतो. प्रश्न ६ मधल्या दुसऱ्या मांडणीचा भार रोजच्या कामात शंभर वॅटच्या आतच राहतो, म्हणून ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ किंवा गोल्ड (कमी वीज वाया घालवण्याच्या) दर्जाचा, १२० मिलिमीटरच्या पंख्याचा एसएमपीएस पुरेसा आहे, मग त्यात पंखा थांबण्याची सोय असो वा नसो. कॅबिनेटसोबत जोडून मिळणारा बिननावाचा एसएमपीएस मात्र घेऊ नये.

एसएमपीएसचा पंखा स्वतः बदलण्याचे सल्ले खूप फिरतात. ते मानू नयेत. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका विद्युतभार राहू शकतो.

१०. फोम लावलेले “सायलेंट” कॅबिनेट किंवा वॉटर कूलिंग घ्यावे का?

कमी खर्चाच्या संगणकात दोन्ही नकोत. पातळ फोम वरच्या पट्टीतले आवाज थोडे शोषतो, गुणगुणीला अडवत नाही, आणि बंद दर्शनी भागामुळे हवा अडते म्हणून पंख्याला जास्त फिरावे लागते. वॉटर कूलिंगमध्ये रेडिएटरचे पंखे असतातच. वर पंपाची कधीही न थांबणारी गुणगुण आणि बुडबुड्यांची गुळगुळ यांची भर पडते.

११. घरातले सारे फोटो आणि व्हिडिओ हार्ड डिस्कवर आहेत. ती ठेवून शांतता मिळेल का?

डिस्क संगणकाच्या आत, कायम फिरती ठेवण्याची गरज नाही. विंडोज आणि रोजच्या फाइली एसएसडीवर ठेवाव्यात. जुने फोटो बाहेरच्या यूएसबी डिस्कवर ठेवून ती लागेल तेव्हाच जोडावी. डिस्क आत ठेवणे भागच असेल, तर ती पत्र्याला स्क्रूने आवळण्याऐवजी जाड इलॅस्टिकच्या पट्ट्यांवर झुलती बसवावी. थरथरीतून येणारी गुणगुण बरीच कमी होते. झुलती डिस्क असलेला संगणक हलवताना मात्र डिस्क आधी काढून घ्यावी. ठरावीक वेळाने डिस्क झोपवण्याची विंडोजची सोय येथे विशेष उपयोगाची नाही, कारण डिस्क जागी होतानाचा आवाज दचकवणारा असतो. राउटरजवळ, दुसऱ्या खोलीत, नेटवर्कवर डिस्क ठेवणे सर्वांत चांगले.

१२. ऑफिसांतून आलेले जुने छोटे पीसी स्वस्तात मिळतात. ते चालतील का?

डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचे थिंकसेंटर टायनी आणि एचपीचे एलिटडेस्क मिनी यांत बहुधा ३५ वॅटचे प्रोसेसर असतात, त्यामुळे साध्या कामात ते बरेच शांत राहतात आणि किमतीच्या मानाने दमदार असतात. अडचण त्यांच्या लहान पंख्याची आहे. भार आला की तो वरच्या पट्टीत किरकिरतो, त्याचा आकार आणि जोडणी त्या त्या कंपनीची खास असल्याने मोठा पंखा लावता येत नाही, आणि पंखा काढला तर काही मॉडेल सुरू होतानाच अडून बसतात. कानाला सूर टोचणाऱ्या व्यक्तीसाठी आम्ही ते घेणार नाही. केवळ एकंदर आवाज कमी हवा असेल आणि टर्बो बंद ठेवायची तयारी असेल, तर जरूर घ्यावेत. घेताना इंटेलची आठवी पिढी किंवा तिच्या पुढचीच पाहावी, कारण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ अधिकृतपणे त्याआधीच्या पिढ्यांवर चालत नाही.

१३. पंख्यांचा आवाज गेला, पण आता बारीक शिट्टी ऐकू येते. मुलीला येते, मला आणि दुकानदाराला येत नाही. तिचा भास असेल का?

नाही. ती बहुतेक वेटोळ्यांची शिट्टी आहे. विजेचा प्रवाह वेगाने कमी-जास्त होताना वेटोळ्यातली तार आणि तिचा गाभा सूक्ष्म थरथरतात, आणि ही थरथर ऐकू येण्याच्या टप्प्यात आली की शिट्टी वाजते. वयानुसार वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येणे कमी होत जाते, म्हणून चौदा वर्षांच्या मुलीला जे स्पष्ट ऐकू येते ते पन्नाशीच्या माणसाला अजिबात न येणे अगदी स्वाभाविक आहे. आधी ही शिट्टी पंख्याखाली झाकलेली होती. संगणक जितका शांत, तितकी ती उघडी पडते.

ती कशात आहे हे आधी शोधावे. जाड कागदाची नळी कानाला लावून अडॅप्टर, मॉनिटर आणि कॅबिनेट यांच्याजवळ ऐकावे, नळीचे टोक उघड्या भागांना लागू न देता. अडॅप्टर असेल, तर दुसऱ्या कंपनीचा त्याच व्होल्टेजचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा अडॅप्टर लावून पाहावा. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मॉनिटरची शिट्टी पुष्कळदा ब्राइटनेस बदलल्यावर बदलते किंवा जाते. मदरबोर्डची असेल आणि संगणक रिकामा बसलेला असतानाच येत असेल, तर बायोसमध्ये प्रोसेसरच्या खोल झोपेच्या अवस्था, ज्यांना सी-स्टेट्स म्हणतात, बंद करून पाहाव्यात. वीज थोडी जास्त लागते. ग्राफिक्स कार्डाचा उपाय प्रश्न १५ मध्ये आहे. कोणत्या भागातून शिट्टी येईल हे विकत घेण्याआधी कळत नाही, एकाच मॉडेलचे दोन नग वेगळे निघतात, आणि दुकानाच्या गजबजाटात ऐकून पाहण्याचा काही उपयोग नाही. त्यामुळे ठरावीक दिवसांत बदलून देण्याची अट बिलावर लिहून घेणे, हाच व्यवहारी मार्ग उरतो.

१४. दोन्ही पंखे शांत आहेत, तरी एकत्र चालले की “वाँव-वाँव” असा आवाज येतो. असे का?

दोन पंख्यांचे वेग जवळजवळ सारखे, पण तंतोतंत सारखे नसले, की त्यांचे सूर एकमेकांत मिसळून आवाज लाटेसारखा चढतो-उतरतो. एकाचा वेग ५०० आणि दुसऱ्याचा ६५० असा स्पष्ट फरक ठेवावा, किंवा एक पंखा काढून तापमान पाहावे. पुष्कळदा दुसऱ्याची गरजच नसते.

१५. मुलाला गेम खेळायचे आहेत. मग शांतता विसरायची का?

बजेट लहान असेल, तर मोठे गेम आणि पूर्ण शांतता एकत्र मिळणार नाहीत. हलके गेम प्रश्न ६ मधल्या रायझनच्या अंगभूत ग्राफिक्सवर चालतात. कार्ड घ्यायचेच असेल, तर आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबी आवृत्तीसारखे सुमारे ७० वॅटचे, काम नसताना पंखे थांबवणारे कार्ड घ्यावे. मग फ्रेमची (कार्ड पडद्यासाठी काढत असलेल्या चित्रांची) मर्यादा सेकंदाला ६० वर बांधावी. हा एक बदल उष्णता, पंखा आणि वेटोळ्यांची शिट्टी तिन्ही कमी करतो. गेमच्या मेनूमध्ये कार्ड विनाकारण शेकडो फ्रेम काढत असते आणि शिट्टी सर्वांत जास्त तेथेच वाजते. खेळताना हेडफोन असतातच, त्यामुळे खरा प्रश्न त्याच खोलीत बसलेल्या आवाज न सोसणाऱ्या माणसाचा असतो. त्यासाठी प्रश्न १७ पाहावा.

१६. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर संगणक घरघरू लागतो. संगणकात दोष आहे का?

बहुधा दोष इन्व्हर्टरच्या विजेत असतो. स्वस्त इन्व्हर्टर आणि छोटे यूपीएस चौकोनी लहरीची वीज देतात. तिच्यावर ट्रान्सफॉर्मर, छताचे पंखे आणि काही एसएमपीएस गुणगुणतात, आणि काही चांगले एसएमपीएस तर बंदच पडतात. उपाय शुद्ध साइन लहरीच्या इन्व्हर्टरचा आहे. तो परवडत नसेल, तर एन१००ची मांडणी अडॅप्टरवर चालत असल्याने तिला हा त्रास सहसा कमी होतो. विजेवर असतानाही खोलीत गुणगुण असेल, तर संगणक पूर्ण बंद करून ऐकावे: छताच्या पंख्याचा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर कमी वेगावर त्या पंख्याला अशीच गुणगुण करायला लावतो, आणि तिचा ठपका संगणकावर येतो.

१७. संगणक दुसऱ्या खोलीत ठेवून केबल आत आणता येईल का?

येते, आणि भिंत मधे असली तर यापेक्षा परिणामकारक दुसरे काही नाही. मग साधा, पंख्यांचा संगणकही चालतो. पाच मीटरची चांगली एचडीएमआय केबल सहज मिळते. यूएसबी २.० ची साधी केबलही पाच मीटरपर्यंतच भरवशाची असते. त्यापुढे अंतर्गत चिप असलेली एक्स्टेंशन केबल घ्यावी. भिंतीतून पाइप टाकताना विजेच्या तारा वेगळ्या ठेवाव्यात. कीबोर्डवरून संगणक सुरू करण्याची सोय बहुतेक बायोसमध्ये असते. एकाच खोलीचे घर असेल, तर अंतराचा तरी फायदा घ्यावा: मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो, खोलीत भिंतींमुळे त्याहून कमी, पण टेबलावरचे कॅबिनेट टेबलाखाली, दूरच्या कोपऱ्यात नेल्याने फरक पडतोच.

१८. मोबाइलवरच्या ॲपने आवाज मोजून तुलना करू का?

डेसिबलच्या आकड्यासाठी नको. मोबाइलच्या मायक्रोफोनला स्वतःची खरखर असते, त्यामुळे शांत संगणकाच्या पातळीवर त्याचे आकडे निरर्थक होतात. सूर ओळखण्यासाठी मात्र तो उत्तम आहे. अँड्रॉइडवरचे स्पेक्ट्रॉइड हे मोफत ॲप कोणत्या हर्ट्झवर आवाज आहे ते दाखवते: १२० वर ठाम रेघ असेल तर हार्ड डिस्क, १०० वर असेल तर घरातली वीज, आणि कित्येक हजारांवर असेल तर वेटोळ्याची शिट्टी यांवर संशय घ्यावा.

१९. कीबोर्ड आणि माउसच्या टकटकीचे काय?

मेकॅनिकल कीबोर्ड टाळून साधा मेम्ब्रेन कीबोर्ड खाली रबरी मॅट टाकून वापरावा. लॉजिटेकच्या एम२२१ सारख्या सायलेंट माउसची टिकटिक खरोखर बरीच कमी असते.

२०. वर्षभर शांत असलेला संगणक पुन्हा आवाज करू लागला. काय झाले असेल?

नुसती घरघर वाढली असेल तर धूळ, आणि खडखड किंवा खरखर येत असेल तर पंख्याचे बेअरिंग. स्वस्त स्लीव्ह बेअरिंगमधले तेल आटते. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब काही महिने निभावून नेतो, पण पंखा बदलणे हेच खरे. कोकणात आणि मुंबईत दमट खारट हवेमुळे धूळ चिकट होते आणि ब्लोअरने निघत नाही. तेथे पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मऊ ब्रशने साफसफाई करावी. बायोस अपडेट केल्यानंतर आवाज वाढला असेल, तर पंख्याची मांडणी मूळ पदावर गेलेली असते. प्रश्न ८ प्रमाणे ती पुन्हा भरावी.

२१. संगणक अगदी निःशब्द झाला आणि बाबांचा त्रास उलट वाढला. हे कसे?

बाबांच्या कानात स्वतःचा आवाज, म्हणजे टिनिटस, असेल तर हे होऊ शकते. भोवतालचा मंद आवाज त्या आतल्या आवाजाला थोडे झाकत असतो. तो काढून घेतला की आतला आवाज मोठा भासतो. म्हणूनच टिनिटसच्या रुग्णांना श्रवणतज्ज्ञ बरेचदा पूर्ण शांतता टाळून मंद पार्श्वध्वनी ठेवायला सांगतात. अशा घरी पंखा नसलेल्या मांडणीचा हट्ट धरू नये. १२० मिलिमीटरचा एक पंखा लावून तो ६०० ते ८०० फेऱ्यांच्या दरम्यान, आलेख पूर्ण सपाट ठेवून, एकाच वेगावर चालवावा, आणि नेमका वेग बाबांनाच ठरवू द्यावा. त्याच घरात आवाज न सोसणारे दुसरे कोणी संगणक वापरत असेल, तर फॅन कंट्रोलमध्ये दोघांच्या दोन मांडण्या साठवता येतात आणि बसणाऱ्याने आपली निवडायची.